चॉइस, विल की कन्सेंट? स्वेच्छा आणि निवड सांगणारे इंग्रजी शब्द कसे वापरावेत

'माझी मर्जी' हे दोन शब्द इंग्रजीत सांगायचे झाले तर बहुतेकांच्या तोंडी पटकन येतं ते 'इट इज माय विश'. व्याकरणात खोट नाही, तरी ऐकणारा जरा थबकतो. इंग्रजीत 'माय विश' म्हटलं की मनात जपलेली, पूर्ण व्हावीशी वाटणारी इच्छा समोर येते, किंवा कुणी शेवटच्या दिवसांत घरच्यांना सांगून ठेवलेली गोष्ट. तुम्हाला म्हणायचं होतं, 'हे मी ठरवणार, तुम्ही नाही'. त्याला इंग्रजीत 'इट्स माय चॉइस' किंवा 'दॅट्स अप टू मी' म्हणतात.

मी बरीच वर्षं कागदपत्रांच्या भाषांतराचं काम करतो. करार, संमतिपत्रं, राजीनामे, अर्ज, अधूनमधून तत्त्वज्ञानावरचा एखादा लेख. व्याकरणाच्या चुका दुरुस्त करायला सोप्या असतात. स्वेच्छा, निवड, मर्जी, संमती या शब्दांच्या चुका मात्र अवघड, कारण वाक्य वरवर बरोबरच दिसतं आणि बदलतं ते हे, की जबाबदारी कुणावर पडली. म्हणून नव्याने इंग्रजी लिहू-बोलू लागणाऱ्यांसाठी हा लेख. पायऱ्यांच्या क्रमानेच जा, पण चौथ्या आणि पाचव्या पायरीवर जास्त वेळ थांबा.

पायरी १ : 'चॉइस' हा शब्द आधी बाजूला ठेवा

आपण मराठीत बोलताना चॉइस, ऑप्शन, विल हे शब्द सर्रास वापरतो. मराठीत आल्यावर ते मराठी झाले आणि त्यांचे अर्थही थोडे सरकले. अडचण तेच शब्द इंग्रजीत परत नेताना येते.

'तिची चॉइस छान आहे' हे वाक्य घ्या. कपड्यांबद्दल, पुस्तकांबद्दल आपण असं म्हणतो तेव्हा आपल्याला तिची आवड, तिची पारख म्हणायची असते. इंग्रजीत त्याला 'टेस्ट' म्हणतात: 'शी हॅज गुड टेस्ट'. 'गुड चॉइस' हे एका ठरावीक निवडीबद्दल बोलायचं. समोरच्याने दोन रंगांतून निळा उचलला, तर 'गुड चॉइस' ठीक. माणसाच्या एकूण आवडीबद्दल नाही.

'ऑप्शन'ची गंमत याहून मोठी. परीक्षेच्या अभ्यासात 'हा धडा मी ऑप्शनला टाकला' म्हणजे तो धडा वगळला, प्रश्नपत्रिकेत आलाच तर सोडून देणार. हा अर्थ पूर्णपणे आपल्याकडचा. इंग्रजीत 'आय केप्ट इट ॲज ॲन ऑप्शन' म्हटलं तर अर्थ जवळजवळ उलटा होतो: ती वाट मी खुली ठेवली आहे, लागली तर घेईन. वगळलं असं सांगायचं तर सरळ 'आय स्किप्ड इट'.

आणि 'विल'. आपल्या बोलण्यात 'त्यांनी विल केलंय' म्हणजे मृत्युपत्र. इंग्रजीतही तो अर्थ आहे, पण तो त्या शब्दाचा एक कोपरा.

तेव्हा पहिलं काम असं, की जे सांगायचं ते निखळ मराठीत म्हणून बघा. मर्जी, पसंती, निवड, पर्याय, मुभा, मोकळीक, राजीखुशी, आपणहून, मुद्दाम, हट्टाने, नाइलाजाने. आपल्याकडे या बाबतीत शब्दांची श्रीमंती आहे, आणि प्रत्येक शब्दाचा काटा वेगळा आहे. 'चॉइस' हा एकच शब्द या सगळ्यांवर पांघरूण घालतो. पांघरूण काढलं की इंग्रजी शब्द शोधणं सोपं जातं.

पायरी २ : मन, वाटा, उचलणं की अधिकार?

मराठी वाक्य हाताशी आलं की त्याला एक प्रश्न विचारा: मी नेमकं कशाबद्दल बोलतोय?

आतल्या मनाच्या ओढीबद्दल, निर्धाराबद्दल बोलत असाल तर 'विल'च्या घरात जा. समोर असलेल्या वाटांबद्दल बोलत असाल तर 'ऑप्शन' आणि 'अल्टरनेटिव्ह'. त्यांतली एक उचलण्याबद्दल असेल तर 'चॉइस', 'डिसिजन'. उचलण्याचा अधिकार किंवा मोकळीक म्हणायची असेल तर 'फ्रीडम', 'ऑटोनॉमी', 'डिस्क्रिशन'. आणि गोष्ट दुसऱ्याने मांडलेली असून तुम्ही तिला फक्त होकार देत असाल तर 'कन्सेंट'.

या शेवटच्या फरकाकडे नवशिक्यांचं फार कमी लक्ष जातं. चॉइसमध्ये सुरुवात तुमच्याकडून होते किंवा निदान वाटा एकाहून जास्त असतात. कन्सेंटमध्ये प्रस्ताव दुसऱ्याचा, तुमच्याकडे हो किंवा नाही एवढंच.

पायरी ३ : निवडीचे रोजचे शब्द

'ऑप्शन' म्हणजे वाट, 'चॉइस' म्हणजे वाट आणि वाट धरणं दोन्ही. 'यू हॅव थ्री ऑप्शन्स' आणि 'यू हॅव थ्री चॉइसेस' दोन्ही चालतात. पण 'आय मेड ॲन ऑप्शन' कधीच चालत नाही, कारण ऑप्शन ही करायची गोष्ट नाही, ती समोर असते. 'आय मेड अ चॉइस' बरोबर. 'चॉइस'बरोबर क्रियापद 'मेक', 'टेक' नाही. 'डिसिजन'बरोबर बहुतेक ठिकाणी 'मेक', ब्रिटिश इंग्रजीत 'टेक अ डिसिजन'ही चालतं. आपण 'निर्णय घेतो' म्हणून आपल्या जिभेवर 'टेक' बसलेलं असतं, ते 'चॉइस'ला चिकटू देऊ नका.

'अल्टरनेटिव्ह' लॅटिनमधल्या 'आल्टर'वरून आला, अर्थ दोहोंतला दुसरा. जुन्या वळणाचे लोक म्हणूनच दोनाहून जास्त गोष्टींना अल्टरनेटिव्ह म्हणत नसत. आज ते बंधन फारसं कुणी पाळत नाही. तरी शब्दाचा स्वभाव उरला आहे: आधी एक गोष्ट गृहीत असते आणि अल्टरनेटिव्ह ही तिच्याऐवजी येते. 'अल्टरनेट' आणि 'अल्टरनेटिव्ह' मिसळू नका. ब्रिटिश इंग्रजीत 'ऑन अल्टरनेट डेज' म्हणजे एक दिवस सोडून एक. अमेरिकन लोक पर्यायी रस्त्यालाही 'अल्टरनेट रूट' म्हणतात, हे वाचताना लक्षात असू द्या.

'चूझ'चं भूतकाळी रूप 'चोझ', तिसरं रूप 'चोझन'. लिहिताना 'चूझ'मध्ये दोन ओ, 'चोझ'मध्ये एक. भल्याभल्यांचा इथे पाय घसरतो, कारण 'लूझ' आणि 'लूस' या जोडीत स्पेलिंगचा हिशेब वेगळाच आहे.

'पिक' घरगुती, पटकन उचलण्याचा. 'सिलेक्ट' तपासून, निकष लावून निवडण्याचा, म्हणून अर्जांत आणि यंत्रांच्या पडद्यावर तोच दिसतो. 'ऑप्ट'नंतर 'फॉर' किंवा 'टू' लागतं, 'ऑप्ट आउट' म्हणजे आपणहून बाहेर पडणं. 'इलेक्ट' म्हणजे मतदान तर आहेच, पण जड लिखाणात 'शी इलेक्टेड टू स्टे' म्हणजे तिने राहायचं ठरवलं. 'इलेक्टिव्ह सर्जरी' हा शब्द वाचून काहींना ती अनावश्यक शस्त्रक्रिया वाटते. तसं नाही. ती तातडीची नाही, तारीख ठरवून करता येते, एवढंच त्याचं म्हणणं. गरज गंभीरही असू शकते.

पसंती सांगताना 'प्रिफर'नंतर 'टू' येतं, 'दॅन' नाही: 'आय प्रिफर टी टू कॉफी'. 'दॅन' हवंच असेल तर 'आय वुड रादर वॉक दॅन वेट'.

नाइलाज सांगायला 'आय हॅड नो चॉइस' हे सगळ्यात सरळ. 'आय हॅड नो चॉइस बट टू साइन' म्हणजे सही करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. याच्या शेजारचा एक वाक्प्रचार ओळखून ठेवा: 'हॉब्सन्स चॉइस'. टॉमस हॉब्सन (१५४४–१६३१) हा केंब्रिजमध्ये घोडे भाड्याने देत असे. गिऱ्हाइकाने दाराजवळचा घोडा घ्यायचा, नाहीतर रिकाम्या हाताने जायचं, असा त्याचा नेम होता, म्हणजे चांगल्याच घोड्यांवर सारखा भार पडत नसे. त्यावरून, निवड दिल्यासारखी दिसते पण वस्तू एकच, अशा प्रसंगाला हे नाव पडलं. दोन्ही वाईट पर्यायांतला एक घ्यावा लागणं म्हणजे हॉब्सन्स चॉइस नव्हे. तिकडे आड आणि इकडे विहीर असेल तर इंग्रजीत 'डिलेमा' म्हणा.

पायरी ४ : 'विल', जो सगळ्यांचा मूळपुरुष

इथे थोडं बसा.

जुन्या इंग्रजीत 'विल्लान' म्हणजे इच्छा असणं, हवं असणं. 'आय विल गो' याचा मुळातला अर्थ 'मला जायचंय'. हवं असण्यातून हळूहळू होणार असणं आलं आणि 'विल' भविष्यकाळाची खूण बनला. जर्मन भाषेत त्याचा सख्खा भाऊ अजून जुन्याच कामावर आहे: जर्मन माणूस 'इश विल' म्हणतो तेव्हा त्याला 'मला हवंय' म्हणायचं असतं.

ही जुनी इच्छा आजच्या इंग्रजीतून पुरती गेलेली नाही. 'द डोअर वोन्ट ओपन' हे वाक्य भविष्याबद्दल मुळीच नाही. दार आत्ता, या क्षणी उघडत नाही, जणू त्याची तयारी नाही. मराठीत याला नेमकं रूप आहे: दार उघडेना. गाडी सुरू होईना, 'द कार वोन्ट स्टार्ट'. आणि माणसाबद्दल, झालेल्या गोष्टीत: तो ऐकेना, 'ही वुडन्ट लिसन'. 'वोन्ट' आणि 'वुडन्ट' यांचा हा अर्थ शाळेतल्या काळाच्या तक्त्यांत सापडत नाही, पण ज्याला 'उघडेना' आणि 'ऐकेना' येतं त्याला तो शिकवावाच लागत नाही. पुढच्या वेळी 'वोन्ट' दिसला की मनात '-ना' लावून वाचून बघा. अर्थ जमला तर तो इच्छेचा 'विल', नाही जमला तर भविष्यकाळाचा.

आता 'विल'ची मुलंबाळं, ज्यांची आपसांत अदलाबदल झाली की अनर्थ होतो.

'विलिंग' म्हणजे राजी, तयार. उत्साह असेलच असं नाही, विरोध नाही एवढं नक्की.

'विलफुल' म्हणजे जाणूनबुजून, आणि जवळजवळ नेहमी वाईट कामासाठी. 'विलफुल डॅमेज' म्हणजे मुद्दाम केलेली नासधूस. मुलाबद्दल वापरला तर हट्टी, हेकेखोर. सुरुवातीच्या काळात एका पत्रात 'ते स्वेच्छेने सामील झाले' याचं मी 'विलफुली जॉइन्ड' केलं होतं. ज्यांनी स्वतःहून मदतीला हात लावला होता, ते वाचताना कटात सामील असल्यासारखे दिसू लागले. पत्र जाण्याआधी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने 'विलिंगली' करून दिलं. एका शब्दाने माणसं आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन परत आली, ते मी विसरलेलो नाही. (स्पेलिंग ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीत वेगळं: ब्रिटिश एक एल लिहितात, अमेरिकन दोन.)

'व्हॉलंटरी' लॅटिनमधून आला, इच्छेसाठीच्या तिथल्या शब्दावरून. अर्थ ऐच्छिक, सक्तीचा नसलेला. स्वयंसेवक म्हणजे 'व्हॉलंटिअर' हा त्याच मुळातला. 'व्हॉलंटरी'चा दुसरा, शरीरशास्त्रातला अर्थही आहे: हात उचलणारे स्नायू व्हॉलंटरी म्हणजे ऐच्छिक, हृदयाचा स्नायू इन्व्हॉलंटरी म्हणजे अनैच्छिक. म्हणून 'इन्व्हॉलंटरी'चे दोन अर्थ होतात, एक आपोआप घडलेलं, दुसरा मनाविरुद्ध घडवलेलं. शिंक पहिल्या अर्थाने, जबरीची बदली दुसऱ्या अर्थाने.

'डिलिबरेट' म्हणजे विचार करून, मुद्दाम. 'विलफुल'इतका तो दोषाकडे झुकत नाही. सावकाश, मोजूनमापून चाललेल्या पावलांनाही 'डिलिबरेट स्टेप्स' म्हणतात.

'व्हॉलिशन' हा विलचाच भारदस्त लॅटिन भाऊ. मानसशास्त्रात आणि मेंदूच्या शास्त्रात इच्छाशक्तीचा वापर या अर्थाने येतो. बोलण्यात एकाच साच्यात भेटतो: 'ऑफ हर ओन व्हॉलिशन'.

आणि 'ऑफ वन्स ओन अकॉर्ड', म्हणजे आपणहून. 'अकॉर्ड'च्या पोटात लॅटिनमधला हृदयाचा शब्द आहे. माणसाने कुणी न सांगता केलं तर हा वापरा, आणि वस्तूबद्दलही वापरता येतो: दार 'ऑफ इट्स ओन अकॉर्ड' मिटलं, म्हणजे आपोआप. 'ऑफ इट्स ओन फ्री विल' मात्र दाराबद्दल म्हणता येणार नाही. फ्री विल फक्त त्याला, ज्याला जाब विचारता येतो.

म्हणून 'ऑफ माय ओन फ्री विल' हे शब्द कायदेशीर कागदात येतात. आपल्याकडच्या जुन्या दस्तऐवजांत 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो' असं असतं. हे वाक्य इंग्रजीत नेताना अनेकजण दोन्ही मिळून एकच 'विलिंगली' लिहून मोकळे होतात. पण त्यात दोन वेगळी विधानं आहेत. राजीखुशी म्हणजे दडपण नव्हतं: 'ऑफ माय ओन फ्री विल'. अक्कलहुशारी म्हणजे काय करतोय ते समजत होतं, बुद्धी ताळ्यावर होती: 'बीइंग ऑफ साउंड माइंड'. पुढे कुणी आव्हान दिलं, तर एकजण म्हणेल धमकावून सही घेतली आणि दुसरा म्हणेल त्यांना काही समजतच नव्हतं. दोन आक्षेपांना दोन उत्तरं लागतात. लिहिणाऱ्या जुन्या लोकांनी शब्द उगाच वाढवलेले नव्हते.

पायरी ५ : जबरदस्ती आणि मोकळीक, छोट्या क्रियापदांतून

निवड होती की नव्हती हे इंग्रजी पुष्कळदा नामांऐवजी छोट्या क्रियापदांतून सांगते. एकच प्रसंग घ्या, सहीचा.

'दे मेड मी साइन': त्यांनी मला सही करायला लावली. जोर त्यांचा.
'दे गॉट मी टू साइन': त्यांनी गोड बोलून, समजावून, कदाचित गळ घालून सही करवून घेतली. शेवटी मी तयार झालो.
'दे हॅड मी साइन': रीत म्हणून, कामाचा भाग म्हणून सही करायला सांगितली आणि मी केली. ताण नाही.
'दे लेट मी साइन': त्यांनी मला सही करू दिली. मलाच करायची होती.

तक्रार लिहिताना 'मेड'च्या जागी 'गॉट' पडला तर तक्रारीतली अर्धी हवा जाते. आणि 'गॉट'च्या जागी 'मेड' पडला तर तुम्ही नसलेला आरोप केलेला असतो. यात 'गॉट'नंतरच फक्त 'टू' येतो, बाकी तिघांनंतर नाही.

दुसरी जोडी 'डोन्ट हॅव टू' आणि 'मस्ट नॉट'. मराठीत 'तू यायला नको' हे वाक्य दोन्हीकडे झुकतं, स्वरावर अर्थ ठरतो. इंग्रजीत या दोन टोकाच्या गोष्टी आहेत. 'यू डोन्ट हॅव टू कम' म्हणजे नाही आलास तरी चालेल, निवड तुझी. 'यू मस्ट नॉट कम' म्हणजे यायचं नाही, निवड काढून घेतली. एखाद्याला काळजीपोटी 'त्रास घेऊ नका' म्हणायचं असताना 'यू मस्ट नॉट कम' लिहिलं, तर पाहुणा दुखावला जाईल आणि तुम्हाला कारणही कळणार नाही.

बोलण्यातली आणखी एक जागा: 'तुझी मर्जी'. आपण हे प्रेमानेही म्हणतो आणि वैतागूनही. इंग्रजीत स्वर वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिलेले आहेत. 'इट्स अप टू यू' साधं, सरळ. 'ॲज यू विश' अदबीचं, कधी थोडं थंड. 'सूट युअरसेल्फ' म्हणजे कर तुला काय करायचं ते, मी बोलायचं ते बोललो. हे शेवटचं वरिष्ठांना चुकूनही लिहू नका.

'मजबुरी'साठी 'कम्पल्शन' हा शब्द आपल्याकडे फार चालतो. इंग्रजीत 'अंडर कम्पल्शन' म्हणजे सक्तीखाली, इथवर ठीक. पण नुसतं 'आय हॅव अ कम्पल्शन' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्हाला एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा केल्यावाचून राहवत नाही, जसं सारखे हात धुणं. घरची अडचण म्हणायची असेल तर 'आय हॅव टू, फॉर फॅमिली रीझन्स'. कायद्याच्या भाषेत धाकाला 'कोअर्शन' किंवा 'ड्युरेस', आणि नात्याचा, पदाचा, विश्वासाचा गैरफायदा घेऊन आणलेल्या दडपणाला 'अनड्यू इन्फ्लुअन्स'. या दुसऱ्यात धमकी नसते, म्हणूनच तो ओळखायला कठीण.

पायरी ६ : कागदावरचे शब्द

'कन्सेंट' म्हणजे संमती. इंग्रजीत नुसत्या संमतीवर भागत नाही, तिच्यामागे विशेषणं लागतात, आणि ती विशेषणं फार मोठी किंमत देऊन आली आहेत. नाझी छळछावण्यांत कैद्यांवर वैद्यकीय प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांवर खटला चालला, त्याच्या निकालात १९४७ साली न्युरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम 'व्हॉलंटरी कन्सेंट' अत्यावश्यक ठरवतं आणि व्हॉलंटरीचा अर्थही उलगडतं: माणसाकडे निवड करण्याची मोकळी ताकद हवी, बळ, फसवणूक, धाक यांतलं काही मध्ये नको, आणि काय होणार आहे याची त्याला पुरेशी समज हवी. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका निकालपत्रात 'इन्फॉर्म्ड कन्सेंट' हा शब्दप्रयोग आला आणि पुढे जगभर रुजला. तेव्हा 'इन्फॉर्म्ड' हे 'माहिती मिळाल्यानंतरची' आणि 'व्हॉलंटरी' हे 'दडपणाशिवायची', असं दोन्ही वेगळं भाषांतरित करा. संमतिपत्रात 'स्वेच्छेने संमती' एवढंच लिहिलं तर अर्धा अर्थ गळतो.

'कन्सेंट' आणि 'परमिशन' यांतही अंतर आहे. परमिशन वरचा खालच्याला देतो. कन्सेंट ज्याच्या अंगावर गोष्ट येणार तो देतो.

'डिस्क्रिशन' या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक, स्वतःच्या विवेकाने ठरवण्याचा अधिकार: 'ॲट द डिस्क्रिशन ऑफ द कमिटी' म्हणजे समिती ठरवील तसं, तिला कारण देण्याची सक्ती असेलच असं नाही. दुसरं, बोलण्यावागण्यातला संयम, गुपित राखण्याची समज. पहिल्याचं विशेषण 'डिस्क्रिशनरी', दुसऱ्याचं 'डिस्क्रीट'. आणि तसाच उच्चार असलेला, पण शेवटची अक्षरं फिरवून लिहिलेला दुसरा 'डिस्क्रीट' म्हणजे सुटासुटा, वेगवेगळा. नियमावलीत 'मे' दिसला की समजा अधिकाऱ्याला डिस्क्रिशन आहे, तो करू शकतो किंवा न करू शकतो. 'शॅल' दिसला की सहसा केलंच पाहिजे. नियम वाचताना मी पेन घेऊन आधी हे दोन शब्द अधोरेखित करतो, बाकी मजकूर नंतर.

'ॲट विल' चार अक्षरांचं दिसतं, पण नोकरीच्या करारात फार वजनाचं. अमेरिकेत बहुतेक राज्यांत 'ॲट-विल एम्प्लॉयमेंट' हा मूळ नियम मानतात, म्हणजे मालक आणि नोकर दोघांपैकी कुणीही, कायद्याने मनाई केलेलं कारण नसेल तर, केव्हाही संबंध संपवू शकतो. वाचणाऱ्याला वाटतं 'माझ्या मर्जीने'. ती मर्जी दोन्ही बाजूंची आहे.

'ऑटोनॉमी' म्हणजे स्वायत्तता, ग्रीकमधून: स्वतः आणि नियम. आधी तो ग्रीक नगरांबद्दल वापरला जाई, स्वतःचे कायदे स्वतः करणाऱ्या. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांटने १७८५ साली तो माणसाच्या इच्छेला लावला. आज रुग्णाच्या हक्कांबद्दल बोलताना तो सतत येतो. 'फ्रीडम'हून त्याचा भर वेगळा: मोकळं असण्यापेक्षा स्वतःचा नियम स्वतः घालून घेण्यावर.

'फ्रीडम' आणि 'लिबर्टी' यांत फरक शोधत बसू नका. एक जुन्या इंग्रजीतून आला, दुसरा फ्रेंचमार्गे लॅटिनमधून. तत्त्वज्ञ आयझाया बर्लिनने १९५८ साली ऑक्सफर्डमध्ये स्वातंत्र्याच्या दोन कल्पनांवर व्याख्यान दिलं, तेव्हा त्याने आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरणार असं सांगूनच टाकलं होतं.

पायरी ७ : तत्त्वज्ञानाचं वाचायला घेतलंत तर

'फ्री विल' ही जुनी लॅटिन संज्ञा 'लिबेरुम आर्बिट्रियुम' हिचं इंग्रजी रूप. त्यातला 'आर्बिट्रियुम' म्हणजे निवाडा, ठरवण्याची ताकद. या संज्ञेवर १५२४ साली डच विद्वान इरॅस्मसने लिहिलं आणि १५२५ साली जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने त्याला उत्तर देताना 'बद्ध' इच्छेचा शब्द वापरला. त्याच घराण्यातला 'आर्बिट्ररी' एकेकाळी विवेकाने ठरवलेलं असा अर्थ देई, आज त्याचा अर्थ मनमानी. ठरवण्याचा अधिकार बेलगाम झाला की काय होतं, ते या एका शब्दाच्या प्रवासात दिसतं.

मराठीत फ्री विलसाठी 'इच्छास्वातंत्र्य' किंवा 'संकल्पस्वातंत्र्य' वापरतात. 'स्वेच्छा' इथे अपुरी पडते, कारण प्रश्न इच्छा माझी आहे का एवढाच नसून ती इच्छा मुळात मोकळी होती का, हा आहे.

'डिटर्मिनिझम' म्हणजे प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी ठरते. 'फेटलिझम' म्हणजे तुम्ही काहीही करा, व्हायचं ते होणार. दोन्हींचं 'नियतिवाद' करून टाकू नका. पहिल्यात तुमची धडपड हे कारणांच्या साखळीतलं एक कारण असतं, दुसऱ्यात ती वायाच जाते. फेटलिझमला 'दैववाद' बरा. 'कम्पॅटिबिलिझम' म्हणजे कारणांची साखळी मानूनही माणूस स्वतंत्र असू शकतो हे मत. हॉब्ज आणि ह्यूम हे तत्त्वज्ञ या बाजूचे. 'लिबर्टेरियन' दिसला तर आधी विषय बघा: राजकारणात तो सरकारचा हात कमीत कमी हवा म्हणणारा, इथे मात्र डिटर्मिनिझम नाकारून फ्री विल मानणारा. दोघांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.

'एजन्सी' वाचून दुकान किंवा कचेरी डोळ्यांपुढे आणू नका. मूळ लॅटिन क्रियापद 'करणे'. समाजशास्त्रात एजन्सी म्हणजे स्वतः काही घडवून आणण्याची क्षमता, कर्तेपण. 'शी हॅड नो एजन्सी' याचं मी 'तिच्या हाती काहीच नव्हतं' असं करतो, आणि अजून तरी मला यापेक्षा चांगलं सुचलेलं नाही.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्या बेंजामिन लिबेटच्या १९८३ च्या प्रयोगाबद्दल वाचाल तेव्हा हे शब्द कामी येतील. माणसांना वाटेल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं होतं. हालचालीआधी सुमारे ५५० मिलिसेकंद मेंदूत तयारीची विद्युत खूण दिसली, तर 'आता हलवावं' असं वाटल्याची वेळ सुमारे २०० मिलिसेकंद आधीची निघाली. यावरून फ्री विल नाहीच असं म्हणणाऱ्यांना, एक मनगट हलवणं आणि आयुष्यातली निवड यांना एकच शब्द कसा लावता, असा प्रश्न विचारला गेला. इंग्रजीत तो सरळ विचारता येतो: इथे मोजलं गेलं ते 'व्हॉलिशन' की 'चॉइस'?

पायरी ८ : सगळं एका परिच्छेदावर करून बघा

हे मराठी घ्या: 'मी ही नोकरी आपणहून सोडत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. मला दुसरी जागा देऊ केली होती, पण मी ती न घ्यायचं ठरवलं. पुढचं अजून काही ठरवलेलं नाही.'

पहिलं वाक्य: 'आय ॲम रिझाइनिंग ऑफ माय ओन अकॉर्ड'. 'विलिंगली' लिहिलं तर कुणीतरी सुचवलं आणि मी तयार झालो असा वास येतो. दुसरं: 'नो वन हॅज पुट एनी प्रेशर ऑन मी'. इथे 'कोअर्शन' लिहिलं तर वाचणाऱ्याला संशय येईल, एवढा जड शब्द का लागला म्हणून. चौथं सोपं: 'आय हॅव नॉट यट डिसायडेड व्हॉट टू डू नेक्स्ट'. इथे 'चोझन' नको, कारण समोर वाटांची यादीच नाही.

तिसऱ्याकडे नीट बघा. 'आय वॉज ऑफर्ड ॲन अल्टरनेटिव्ह, बट आय चोझ नॉट टू टेक इट.' 'नॉट' कुठे बसला ते पाहा. तो 'चोझ'च्या नंतर आहे, म्हणजे मी निवड केली, आणि निवड केली ती न घेण्याची. हाच 'नॉट' उचलून पुढे आणा: 'आय डिड नॉट चूझ टू टेक इट'. आता वाचणारा म्हणेल, म्हणजे जागा घेतली होती, पण यांनी ती स्वतःच्या मर्जीने घेतलेली नव्हती. कागद पाठवण्याआधी 'चूझ'च्या आजूबाजूचा 'नॉट' बोट ठेवून एकदा तपासा.